मोडलेली भेंडी

भेंडीचं टोक मोडल्याचा आवाज आज माझ्या गाळ्यावर आला आणि मला मांजरी गावातल्या त्या सोसायटीचं फाटक आठवलं. तेव्हा त्या फाटकात उभ्या शेतकऱ्याच्या टेम्पोपाशी ओल्या मेथीचा वास सुटला होता. सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या माझ्या आईने एक भेंडी मोडून बघितली. सेक्रेटरीबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"अहो, हा बाजार सोसायटीसाठी आहे. तुमच्या वस्तीत मिळते की भाजी."

मिळायची. पिवळी पडलेली, पाणी मारलेली.

आता वस्तीत शेतकरी बाजार मी भरवते. आजची भेंडी मोडणारा हात त्याच बाईंचा होता. मी ती काढून घेतली.

"अहो, हा बाजार वस्तीसाठी आहे."

लोक मला समाजसेविका म्हणतात. म्हणू देत. मी इतकी वर्षं या बाईंची वाट बघत होते.