रेडिओच्या तासाची छडी

मंडळी, आज मोर्शीच्या बाजारात कमल भेटली. साठच्या दशकातली माझी विद्यार्थिनी, आता स्वतः आजी झाली आहे.

तेव्हा शाळेत नवाच रेडिओ आला होता. त्यावरचा पाठ चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही, हा माझा नियम. कमल कुजबुजली आणि मी तिच्या तळहातावर छडी मारली.

रेडिओची पुस्तकी भाषा ती शेजारणीला वऱ्हाडीत समजावत होती, हे नंतर कळलं. पुढच्या पाठापासून मी मधेमधे आवाज बंद करून तिलाच सांगायला लावलं. वर्गात रेडिओ कसा वापरायचा, ते त्या पोरीनं मला शिकवलं.

माफी मात्र आज मागितली.

"कायची माफी, गुरुजी? मले तं आठवतबी नाही."

बोलताना तिनं तळहात पदराखाली घेतला.

शिक्षक मित्रांनो, इतक्या उशिराची माफी पोचते का?