धुऱ्यावरच्या काट्या

कार्तिक वद्य पंचमी. सकाळचं काम, कोळसा फोडणं.

खड्डा आदल्या दिवशी उघडला होता. बाभळीचा कोळसा चांगला उतरला होता, टणक आणि एकमेकांवर आपटला की खणखणणारा. तो सुपारीएवढा फोडायचा, गव्हाच्या जुन्या चाळणीतून चाळायचा आणि पोत्यात भरायचा. मोठा तुकडा गेला तर भट्टीत अडकतो, भुकटी गेली तर गॅसची वाट बुजते आणि अर्धकच्चा गेला तर इंजिनात डांबर जमतं. लढाईमुळं पेट्रोल कूपनावर होतं, म्हणून माझ्या धाकट्या दिरानं लॉरीच्या कडेला लोखंडी भट्टी बसवून घेतली होती आणि लॉरी कोळशाच्या गॅसवर चाले. तशी ती पहिल्यांदा गावात शिरली तेव्हा पारावरचा एक जण म्हणाला होता, "लॉरी कायची बे, हे त चुलीले चाकं लावले!" दिराला ते फार लागलं. मला पटलं. चूलच ती, आणि तिचं सरपण माझ्याकडं.

आमच्या घरात ज्याला त्याला एकेक नाद होता. दिराला लॉरीचा. हंगामात तो नांदुऱ्याला कापूस नेई. एरवी ती अंगणात उभी असे आणि तो तिच्याखाली आडवा असे. यजमानांना बंदुकीचा. ठासणीची एकनळी, पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर मिळालेली. शिसं वितळवून गोळ्या घरीच ओतायच्या, नळी तेलानं पुसायची, घोड्याचा खटका कानाशी धरून ऐकायचा. सोनाळ्याकडचे दोन-तीन बंदूकवाले अधूनमधून येत, आणि मग अंगणात कुणाचा बार किती लांब गेला याच्या गप्पा रंगत. बंदुकीची दारू मोजून द्यायचं काम माझं, कारण मोजताना माझा हात हलत नाही आणि मी त्या वेळी बोलत नाही.

मला मात्र काही नाद नाही असं मी म्हणत असे. खरं तर माझा नाद त्या दोघांहून भारी होता. कुणाकडं काही मागायचं नाही. साबण घरचा, दोर घरचा, कोळसा घरचा, पलंगाची नवार घरची. कापड, मीठ, आगपेटी आणि बंदुकीची दारू एवढंच बाहेरून. "आपलं आपण" हे शब्द माझ्या तोंडी इतके असत की दीर मला चिडवताना तेच म्हणे, "वहिनी, आज सूर्य बी आपला आपनच उगोला का?"

आमच्या शेताला लागून एका वयस्क जोडप्याचं शेत होतं. नात्यातले नव्हते, पण आम्ही त्यांना काका-काकी म्हणत असू. दोन्ही शेतांच्या मधे एक धुरा, म्हणजे सामाईक बांध, आणि दोन्हींच्या अंगाला डोंगरातून येणारा नाला. रानडुकरं त्या नाल्यानंच उतरतात. पूर्वी आमची त्यांच्याशी सावड होती. त्यांचा एक बैल, आमचा एक बैल, माणसं दोन्ही घरची, आणि कणसं भरायला आली की दोन्ही शेतांभोवती मिळून एकच काट्यांचं कुंपण. डोंगराच्या पायथ्याहून बोरी-बाभळीच्या फांद्या गाडीनं आणायला पंधरवडा लागे. दोन्ही घरांचे हात रक्ताळत. मधल्या धुऱ्यावर काही नसे. तिथं बसून आम्ही भाकरी खात असू.

लॉरी आली आणि सावड सुटली. भांडण झालं नाही; आम्ही दुसरा बैलही घेतला, आणि गरज उरली नाही इतकंच. पंधरवड्याच्या काट्या लॉरीनं दोन दिवसांत येऊ लागल्या. मग आम्ही आमच्याच शेताला चारी बाजूंनी कुंपण घातलं, मधल्या धुऱ्यावरसुद्धा. ते मीच सुचवलं होतं. पूर्ण बंद केलेलं शेत मला आवडतं.

त्या वर्षी काकांचा बैल लंगडत होता. त्यांच्या दोन बाजू कशाबशा झाल्या, नाल्याची बाजू उघडी राहिली. ते आमच्या अंगणात आले. दीर इंजिन उघडून बसला होता. सगळे भाग रॉकेलनं धुऊन गोणपाटावर मांडलेले.

"एक खेप पाह्यजे होती," काका म्हणाले. "काट्याईची. नाल्याकडलं उघडं आहे माह्यं."

"काका, हे पाहा न, पोट फाडून बसलो आहे तिचं," दीर म्हणाला. "व्हॉल्व्ह घासून राह्यलो. चार दिवस थांबा."

"बिघडली का?"

"बिघडली नाही. आवाज जरा गोड करतो तिचा."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. घरात शेवटचा शब्द कुणाचा ते त्यांना ठाऊक होतं. मी म्हणाले असते, "भाऊजी, गोडवा मागून करा, आधी जोडा," तर दिरानं कुरकुरत का होईना संध्याकाळपर्यंत इंजिन जोडलं असतं. मी म्हणाले, "थांबा की काका चार दिवस. डुकराईजवळ काय पंचांग आहे का, की तुमचं कुंपन कधी होते ते पाहून येतीन?"

दीर हसला. काकाही हसले, कारण माझं बोलणं ऐकून हसायची गावाला सवय होती. मग ते गेले.

तर त्या पंचमीला मी कोळसा चाळत होते. यजमान सकाळीच शेतावरून खुशीत परतले होते. आदल्या संध्याकाळी डुकरांचा कळप आला, त्यांनी राखणीच्या माळ्यावरून दोन बार काढले, कळप वळला. "एक कनीस नाही गेलं आपलं," असं त्यांनी अंघोळीच्या आधी मला सांगितलं आणि अंघोळीनंतर पुन्हा सांगितलं.

तेवढ्यात काकी आल्या. डोक्यावर टोपलं. ते त्यांनी माझ्यापुढं उतरवलं. आत ज्वारीची धांडं, चावलेली, तुडवलेली, चिखल लागलेली; काहींना अर्धी कणसं.

"हे तुमच्या म्हशीले घाल व बाई," त्या म्हणाल्या. "अजून लय आहे, घेऊन येतो."

"काय झालं काकी?"

"काय होते? डुकरं आले. उष्टं मानसाच्या कामाचं नाही. आमच्या घरी त एक बैल, तो किती खाईन? वाया काऊन जाऊ द्याचं? तुमच्या इथं चार जनावरं आहेत."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. टोमण्याला उत्तर द्यायला मी कधी कमी पडले नाही. पण त्या मनापासून बोलत होत्या. चारा वाया जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"किती गेलं?"

"निम्मं. नाल्याकडलं सारं." मग म्हणाल्या, "तुमच्या मालकाचा बार ऐकला न आम्ही. हे म्हनाले, चला, बंदूक वाजली, आता पळाले डुकरं. म्हनून आम्ही वावरात गेलोच नाही."

त्या गेल्यावर मी चाळणी बाजूला ठेवली आणि हात न धुता शेताकडं निघाले.

माग वाचायला शिकारी असावं लागत नाही. ओल्या मातीत सगळं लिहिल्यासारखं होतं. कळप नाल्यातून वर आमच्या कुंपणाशी आला होता. एका जागी त्यांनी नाकानं काट्या ढकलून पाहिल्या होत्या. तिथंच बार झाला असावा, कारण तिथून खुरांचे ठसे खोल आणि लांब लांब पडले होते, पळताना पडतात तसे. ते आमच्या कुंपणाच्या कडेकडेनं सरळ गेले होते, आणि कुंपण जिथं संपतं त्या कोपऱ्यावर आत वळले होते, काकांच्या ज्वारीत. आमचं कुंपण त्यांना वाट दाखवत गेलं होतं आणि आमच्या बंदुकीनं त्यांना त्या वाटेवर हाकललं होतं. दारू मी मोजून दिली होती. मोजमाप बरोबर होतं.

काका आडवी झालेली ज्वारी उचलून पाहत होते. वर्षभराचं खाणं होतं ते त्यांचं. विकायला ते ज्वारी लावतच नसत. मला पाहून म्हणाले, "ये बाई. पाय जपून टाक, खड्डे करून ठेवले साल्याईनं."

"काका, अर्धी तरी वाचली."

"हाव. पन चव लागली आता त्याईले. आज नाही त उद्या येतीन."

मी घरी आले.

दुपारी अंगणात दीर व्हॉल्व्ह घासत होता आणि यजमान त्याला आदल्या संध्याकाळची हकीकत सांगत होते. कळप किती मोठा होता, पुढचा नर केवढा होता. मी मधे जाऊन उभी राहिले.

"तुमची डुकरं काकाच्या वावरात गेली," मी म्हणाले. "अर्धी जवारी खाल्ली."

"माह्यी डुकरं?" यजमान म्हणाले.

"तुमीच धाडली न. बार काढून."

"मंग काय बार न काढू? आपल्या वावरात जेवाले बसवू त्याईले, पाट मांडून?"

दीर म्हणाला, "वहिनी, त्याईनं कुंपन केलं नाही त आपला काय दोष? आपलं आपन, तुमीच त म्हनता."

मी विचारलं, "भाऊजी, इंजिनाले झालं काय होतं?"

त्यानं हातातला व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळला, पुन्हा सोडला. "झालं काही नव्हतं. तुमाले माहीत आहे."

"मले माहीत होतं," मी म्हणाले. "म्हनून विचारून राह्यली."

यजमान म्हणाले, "आज त्याच्या वावरात जाऊन बसतो मी बंदूक घेऊन." पण ते त्यांनाही ठाऊक होतं की परवाना आपल्या शेतापुरता, दुसऱ्याच्या शेतात बार काढला आणि कुणी चुगली केली तर बंदूक ठाण्यात जमा. त्यांचा चेहरा पाहून मीच म्हटलं, धुऱ्यावर बसा, आपल्या बाजूनं, त्यांच्या ज्वारीकडं तोंड करून. दिवे लागायच्या आत ते जाऊन बसले. कळप आला नाही.

म्हशीनं टोपल्यातलं सगळं खाल्लं. तिचं काय चुकलं? मी जेवले नाही असं लिहिलं तर खोटं होईल; जेवले, आणि भाकरी ज्वारीचीच होती. घासायला घेतलेले व्हॉल्व्ह पुरे करून इंजिन जोडायला दिराला अजून दीड दिवस हवा होता. लंगड्या बैलानं काकांच्या काट्या तोवर येणार नव्हत्या. म्हणजे काट्या कुठून तरी जवळूनच यायला हव्या होत्या, आणि जवळ काट्या एकाच जागी होत्या.

आमच्याकडं सावडीची एक रीत आहे. सावड ज्यानं सोडली त्याला ती पुन्हा हवी असेल तर त्यानं मागायला जायचं नाही. आधी दुसऱ्याच्या शेतात जाऊन राबायचं, बोलणं मग. रीत कुणी घातली माहीत नाही, पण घालणाऱ्याला माझ्यासारखी माणसं ठाऊक असावीत, ज्यांची जीभ हाताच्या आधी चालते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी आमचे दोन्ही बैल सोडले, घरचा दोर खांद्यावर घेतला, पायात यजमानांच्या जाड वहाणा घातल्या आणि शेतावर गेले. मधल्या धुऱ्यावरच्या काट्या उपसायला लागले. दोन वर्षांत त्या एकमेकांत अशा गुंतल्या होत्या की एक ओढली की चार येत. दोराचा फास टाकायचा, बैल हाणायचे, ओझं घसटत काकांच्या शेताच्या कडेनं नाल्याच्या बाजूला न्यायचं. मी मनात अंदाज घेतला होता तो बरोबर निघाला. धुऱ्याची लांबी आणि नाल्याच्या उघड्या बाजूची लांबी जवळजवळ सारखीच होती. मधलं काढलं की बाहेरचं बंद होत होतं. हे दोन वर्षांपूर्वी, किंवा निदान काका अंगणात आले त्या दिवशी, माझ्या डोक्यात यायला हरकत नव्हती.

काकी पाण्याची घागर घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या. "काऊन व बाई, आपलं कुंपन काऊन उपसून राह्यली?"

"काकी, नाल्याकडून सुरू करू की वरतून?"

त्यांनी घागर खाली ठेवली. काका बांधावरून माझ्याकडं बराच वेळ पाहत होते. ते आले, मी टाकलेली पहिली फांदी त्यांनी काठीनं उचलली आणि उलटी फिरवली, बुंधा आत, काटे नाल्याकडं.

"डुकराले बुंधा दाखवशीन त तो ओढून नेईन," ते म्हणाले. "इतकं बी विसरली का?"

"विसरली," मी म्हणाले.

थोड्या वेळानं दीर आला, हाताला अजून काळं तेल, आणि त्यानं माझ्या हातून बैलांचा कासरा घेतला. मी मोकळ्या हातांनी धुऱ्यावर परत गेले आणि पुढच्या काट्यांत फास अडकवला.