गौतमीच्या दगडात काही नाही

गौतमी ओव्हाळ रांजणगावच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायची. कामगार कंत्राटी, पण हात पक्का. केडगावहून कंपनीची बस पकडायची आणि शिफ्टभर उभ्यानं वायरी वळवायची. मग लाइनवर मशीन आलं. सुपरवायझरनं बायकांना पेढे दिले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. पेढे मशीनच्या पूजेचे होते.

घरी बसल्यावर तिच्या बोटांना चैन पडेना. नवरा सतीश स्टेशनजवळच्या दुकानात शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. त्याच्या दुकानात तांब्याच्या नव्या तारेचे उरलेले तुकडे पडलेले असायचे. घराच्या बांधकामाला भीमेची वाळू आणली होती, तिच्यात गुळगुळीत गारगोट्या निघाल्या होत्या. मोबाइलवर कुणीतरी बाई दगडाला तार गुंडाळून पदक करताना दिसली. गौतमीनं पक्कड घेतली, तार वळवली, वर एक कडी काढली आणि ती गारगोटी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. छान दिसली. एवढंच होतं ते.

भरायला टाकलेला पंप न्यायला सारजाबाई दुकानात आल्या, तेव्हा त्यांची नजर तिथं बसलेल्या गौतमीच्या गळ्यातल्या गारगोटीवर गेली. शेजारच्या गावातलं मोठं बागायती घर त्यांचं. सून सायली सरपंचपदाला उभी होती.

"कशावरचा खडा गं ह्यो? शनीचा का राहूचा?"

"वाळूतला हाय, काकू. असाच घातलाय, दिसायला."

"कुठल्या वाळूतला?"

"भीमेच्या."

"मग चांगलाच म्हणायचा," सारजाबाई म्हणाल्या. "सायलीला एक करून दे."

गौतमीनं करून दिला. निवडणुकीत सायलीला आणि सारजाबाईंच्याच भावकीतल्या जयसिंगआबांच्या लेकीला सारखीच मतं पडली. चिठ्ठी काढावी लागली, ती सायलीच्या नावाची निघाली. मिरवणुकीत गुलालानं तिचा चेहरा ओळखू येत नव्हता, पण तांब्याची तार उन्हात चमकत होती. तेवढी सगळ्यांनी पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून गौतमीच्या दारात माणसं यायला लागली. कुणाच्या पोराला भरती हवी होती, कुणाच्या म्हशीला दूध. गौतमी विहारातल्या व्याख्यानांत वाढलेली. घरात ना देव्हारा, ना अंगारा. तिला हे सोसेना. येईल त्याला ती सांगायची, "दादा, ह्यो साधा दगड हाय. ह्यानं काय व्हत न्हाई."

माणसं एकमेकांकडं बघून मान हलवायची. "खरं असणाऱ्या माणसाला मोठेपणा नसतो बघा," असं म्हणून दोन घ्यायची.

सतीश म्हणाला, "तू गप ऱ्हा ना. आपण कुठं म्हणतोय शक्ती हाय म्हणून?"

"गप बसणं म्हंजी म्हणल्यासारखंच हाय."

तिनं रंगाचा डबा आणून पत्र्यावर लिहिलं, ‘या दगडात कोणतीही शक्ती नाही.’ पत्रा दारावर टांगला. त्याचा फोटो तालुकाभर फिरला. यवतच्या बाजारात कुणीतरी तसलेच खडे ‘सिद्ध केलेले’ म्हणून विकायला लागला, तर गिऱ्हाईक त्याला विचारायचं, "पाटी कुठाय? पाटीवालीचा तेवढा खरा."

शेवटी गौतमीला एक युक्ती सुचली. दगड आपण द्यायचाच नाही. ज्याचा त्यानं आणायचा, अंगणातला, रस्त्यावरचा, कुठलाही. आपण फक्त तार गुंडाळायची. स्वतःच्या हातानं उचललेल्या दगडात कोण कशाला शक्ती शोधेल, असा तिचा हिशेब.

पहिले आले जयसिंगआबा. रुमालातून एक काळा दगड काढून त्यांनी समोर ठेवला. गौतमीनं तो उचलून घेतला. तार गुंडाळली, पदक त्यांच्या हातात दिलं. तेवढ्यात सारजाबाई दारात.

"भावजी, त्यो दगड आमच्या वावरातला हाय!"

आबा खाली बघायला लागले. "दगडावर काय नाव असतंय व्हय?"

"आमच्या गड्यानं बघितलंय तुम्हाला बांध वलांडताना. लेक पडली म्हणून आमचं नशीब चोरून न्यायचं?"

गौतमी मधे पडली. "काकू, सायलीताईंचा खडा तर माझ्या वाळूच्या ढिगातला हाय. तुमच्या वावराचा आन् त्याचा काय संबंध?"

दोघंही तिच्याकडं वळले. मग सारजाबाई म्हणाल्या, "तू ह्यात पडू नकोस, गौतमी. तुला ह्यातलं काय कळतंय?"

"दगड न्या," आबा म्हणाले. "तार माझी हाय."

गौतमीनं पकडीनं विळखा सैल करून दगड काढला. सारजाबाईंनी तो पदराच्या टोकाला बांधला आणि त्या तरातरा निघून गेल्या. आबांनी नुसता तारेचा पिंजरा गळ्यात घातला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि गाडीला किक मारली.

नंतर माणसं देवळामागचे, शाळेतले, सरपंचाच्या फाटकापुढचे दगड आणायला लागली. गौतमीनं सांगायचं सोडलं नाही आणि कुणी ऐकायला लागलं नाही. काम मात्र एवढं वाढलं की कंपनीतून सुटलेल्या दोन मैत्रिणींना तिनं हाताखाली घेतलं.

एका दुपारी यवतहून शेवंताबाई आल्या, थकलेल्या, काठी टेकत. रस्ता रुंद करताना त्यांचं घर गेलं होतं. दगडी उंबऱ्याचा एक टवका त्यांनी ठेवून घेतला होता, तोच आणला होता.

गौतमीनं नेहमीचं सुरू केलं. "आजी, घातल्यानं काय व्हईल असं वाटतंय तुम्हाला?"

"काय व्हायचंय? जड लागंल गळ्याला."

गौतमीनं हात पुढं केला. टवका ठिसूळ होता, कडेनं भुगा पडत होता. तिनं बारीक तारेची जाळी विणली, टोकं आत वळवली, बोट फिरवून कुठं टोचत नाही ना ते पाहिलं. बाकीची माणसं ताटकळत बसली होती. दोरा तिनं स्वतःच्या हातानं म्हातारीच्या गळ्यात घातला.

"लागतंय का जड?"

"लागतंय की," शेवंताबाई म्हणाल्या. त्यावर तळवा ठेवून त्या हळूहळू बस थांब्याकडं निघाल्या.

गौतमी त्यांच्याकडं बघत उभी राहिली. पाठीमागं बाकावर बसलेली बाई घाईनं उठून जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, त्या आजीला दिला ना, तसलाच मला पायजे."