काचेच्या कपाटातलं बाड

जुने कागद सांभाळणारी बाई म्हटली की लोक तिला गरीब गाय समजतात. मी तशी नव्हते. नगरच्या एका संस्थेच्या ग्रंथालयात ‘जुना संग्रह’ नावाची खोली माझ्या ताब्यात होती, आणि त्या खोलीपायी मी जेवढी भांडले तेवढी सासरीही भांडले नाही. दुसरी जागतिक लढाई नुकतीच संपलेली. कागदाची टंचाई अशी की घरोघरची दप्तरं रद्दीत निघाली होती. शेंगदाण्याच्या पुड्या सोडल्या की आत मोडी अक्षरं दिसायची. खेड्यांतल्या बायका जुने कागद भिजवून, त्यात मेथी वाटून घालून लगद्याच्या टोपल्या करत. पारनेरकडच्या एका घरी मी दप्तर मागायला गेले, तर घरधनिणीने कौतुकाने ती टोपलीच माझ्यापुढे ठेवली. टोपली सुरेख होती. मी चहा न घेताच उठले.

म्हणून संस्थेने ठरवलं की जिल्ह्यातले जुने कागद गोळा करायचे. ठरवलं संस्थेने. सर्व्हिस मोटारीच्या टपावरून गाठोडी आणायची मी, धूळ खायची मी, कसर झटकायची मी. आणलेले कागद सावलीत पसरायचे, कडुनिंबाचा पाला आणि वेखंड घालून पुन्हा बांधायचे, कोणाकडून आले ते लिहायचं, नंबर घालायचा, कार्ड करायचं. मी भिंगारहून पायी यायचे आणि संध्याकाळी परत जाताना पदराला वेखंडाचा वास घेऊन जायचे. पगाराविषयी न बोललेलं बरं. काम मात्र मला मनापासून आवडायचं, हे खोटं कशाला सांगू?

संग्रहात मला सगळ्यांत प्रिय असलेली वस्तू म्हणजे एका कीर्तनकार बुवांचं बाड. बुवा पारनेरपलीकडच्या एका खेड्यातले, आमच्यासारखेच ख्रिस्ती. आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तन काही नवं नाही. वीणा, चिपळ्या, झांज, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं तेच. कथा तेवढी आपली. बुवांचे वडीलही कीर्तनकार होते आणि आख्यानं स्वतः रचायचे. ती सगळी त्यांनी एका लांबट बाडात लिहून ठेवली होती, दोऱ्याने शिवलेल्या, हळदी रंगाला गेलेल्या पानांवर. त्यात एक होतं पाण्याचं आख्यान. बुवांची आजी मोठ्या दुष्काळात लेकरू कडेवर घेऊन नगरच्या वाटेला लागली, त्याची ती खरी हकिगत. वाटेत विहीर लागते. हिने विहिरीला शिवायचं नाही, म्हणून ती रितं मडकं धरून काठावर उभी राहते, कोणी ओतील तर ओतील. पुष्कळ वेळ कोणी ओतत नाही. मग एक कुणब्याची म्हातारी येते, इकडेतिकडे बघते आणि पोहरा तिच्या मडक्यात रिकामा करते. एवढीच गोष्ट.

बाड मागायला मी गेले तेव्हा बुवा दारात बसले होते. घर गळकं होतं, आणि बाडाच्या एका कोपऱ्याला वाळवी लागली होती. देण्याला त्यांची ना नव्हती. त्यांनी एकच विचारलं, “लागलं तर बघाया मिळंल न्हवं, बाई?”

“केव्हाही या बुवा. तुमचंच आहे ते.” हा शब्द मी दिला. संस्थेच्या वतीने दिला, कारण मला तसंच सांगितलेलं होतं.

आत त्यांची बायको भाकरी थापत होती. ती हसून म्हणाली, “यास्नी कशाला लागतंय बाड? मी हाय की.”

ते खरं होतं. तिला अक्षरओळख नव्हती. पण लग्न झाल्यापासून ती बुवांच्या डाव्या हाताला झांज घेऊन उभी राहत आलेली. बुवा अडखळले की पुढच्या ओळीचा पहिला शब्द ती हळूच टाकायची, आणि बुवा जणू अडखळलेच नव्हते असे पुढे जायचे. समोर बसलेल्यांना पत्ताही लागायचा नाही. पोहरा रिकामा होतो त्या ओव्या मात्र ती स्वतः म्हणायची. तिथे बुवाच गप्प राहायचे.

पुढच्या उन्हाळ्यात ती तापाने गेली.

पावसाळा उलटल्यावर बुवा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. इतके वाळले होते की मी आधी ओळखलंच नाही. म्हणाले, “ती जाताना बोलली, वर्साच्या दिशी पान्याचं आख्यान लावा. चाल हाय ध्यानात. वव्या मातुर निसटत्यात. चार वव्या झाल्या की म्होरं सगळा अंधार.”

मी बाड काढून त्यांच्या हातात दिलं. ते टेबलापाशी बसेनात. भिंतीला टेकून खाली बसले, बाड मांडीवर घेतलं, पिशवीतून चिपळ्या काढल्या. कीर्तनकाराला मनातल्या मनात वाचता येत नाही. तो गातो तेव्हाच त्याचं वाचणं होतं. अंगठा जिभेला लावून त्यांनी पान उलटलं आणि सुरुवात केली. आवाज आधी चिरका लागला, मग बसला. मी कार्ड लिहायचं थांबवून ऐकत राहिले.

एवढ्यात आमच्या समितीचे अध्यक्ष आले. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. त्यांच्यावर अन्याय करायचा नाही मला. संग्रहाची कल्पना त्यांचीच, कपाटांसाठी दारोदार हिंडून वर्गणी त्यांनीच जमवली. कागदावर त्यांचं प्रेम होतं. फक्त तो कागद कोणा माणसाचा असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“हे ग्रंथालय आहे की चावडी?” ते दारातूनच ओरडले. मग त्यांचं लक्ष अंगठ्याकडे गेलं. “थुंकी! अहो, हस्तलिखिताला थुंकी!”

बुवांनी अंगठा धोतराला पुसला. “चुकलं सायेब. आमचंच हाय, म्हून तसं...”

“होतं,” अध्यक्ष म्हणाले.

त्या दिवशी कपाटाची किल्ली माझ्याकडून गेली. नियम आला: हस्तलिखितं फक्त संशोधकांना, तेही शिफारसपत्र आणलं तर, हात साबणाने धुऊन, मूकवाचनासाठी. खेड्यातून मोटारीने, पायी, धुळीत आणलेली ती गाठोडी, ज्यांनी दिली त्यांनाच आता बंद. नाकापेक्षा मोती जड झाला. मी अध्यक्षांना तोंडावर सांगितलं की शब्द मी दिलाय आणि तुम्ही मला खोटी पाडताय. ते म्हणाले, “बाई, आज यांना दिलं तर उद्या सगळा जिल्हा येईल.” जणू जिल्हा येण्यासाठी ग्रंथालय काढलेलं नव्हतं!

तरी बुवांचा अर्ज मीच लिहून दिला. अर्जात संशोधनाचा विषय लिहायचा होता. मी विचारलं, काय लिहू? बुवांनी विचार केला आणि म्हणाले, “ल्हिवा, बायकू.” मी तसंच लिहिलं. अध्यक्षांनी मला बोलावून विचारलं, ही थट्टा आहे का? मी म्हटलं, नाही, एवढा सरळ विषय तुमच्या एकाही संशोधकाने अजून दिलेला नाही. मग मी दुसरी वाट धरली. निदान त्या आख्यानाची नक्कल तरी मला करू द्या, म्हटलं. माझ्या हाताने, तुमच्या डोळ्यांसमोर. ते म्हणाले, त्याला समितीचा ठराव लागेल. समितीची बैठक पुढे गेली, कारण नव्या दालनाचं उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि सगळे मांडवाच्या आणि फराळाच्या गडबडीत होते.

उद्घाटनाला पुण्याहून एक बडे पाहुणे यायचे होते. त्यांना दाखवायला अध्यक्षांनी काचेचं झाकण असलेली, टेबलाच्या उंचीची कपाटं करून घेतली, आणि त्यांतल्या एकात बुवांचं बाड उघडून ठेवलं. नेमकं पाण्याच्या आख्यानाचं पान. का, तर त्या पानाच्या कडेला बुवांच्या वडिलांनी लाल शाईने वेलबुट्टी काढली होती आणि ती शोभून दिसत होती. मग अध्यक्षांच्या मनात आलं की कीर्तनकारालाच बोलवावं आणि पाहुण्यांना पाच मिनिटं नमुना ऐकवावा. माझ्याच हाताने निरोप धाडला. मला वाटलं, चला, या निमित्ताने तरी काच उघडेल.

बुवा धुतलेला फेटा बांधून आले. आल्याआल्या काचेपाशी गेले, दोन्ही हात मागे बांधून वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “हेच की पान! आता झालं काम.” मला म्हणाले, “बाई, हितं म्हनून घेतलं की डोस्क्यात बसंल. मंग वर्साला काय भ्या न्हाई.” पान उलटायचं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, किल्ली अध्यक्षांकडे आहे, मी सांगते त्यांना. मी सांगितलंही. त्यांनी मान हलवली. ती मान ऐकल्याची होती की मला वाटेला लावण्याची, ते मला तेव्हा कळलं नाही.

बुवा काचेपाशी उभे राहिले. मंडळी खुर्च्यांवर. चिपळ्या वाजल्या आणि बुवांनी आवाज लावला. मी त्यांना तसं गाताना पूर्वी ऐकलं नव्हतं. वेलबुट्टीच्या आतली अक्षरं काचेतून वाचत ते दुष्काळातून चालले होते. पान संपत आलं.

उभी विहिरीच्या तीरी । तान्हे लेकरू कडेवरी ।
रिते मडके धरून करी । वाट पाहे ॥

पान संपलं. बुवांनी शेवटची ओवी पुन्हा म्हटली. मग आणखी एकदा, अध्यक्षांकडे बघत. अध्यक्ष पाहुण्यांच्या कानाशी लागून त्यांना काही समजावून सांगत होते. बुवांचा हात काचेकडे गेला आणि मागे आला. मग त्यांनी डावीकडे मान वळवली, जिथे ती झांज घेऊन उभी असायची. तिथे पाहुण्यांच्या हारांची परात ठेवलेली होती. बुवा तसेच उभे राहिले. चिपळ्या थांबल्या.

आणि टाळ्या पडल्या.

लोकांना वाटलं, संपलं. पाहुणे उठून उभे राहिले. मी खुर्च्यांतून वाट काढत अध्यक्षांपाशी गेले आणि म्हटलं, किल्ली द्या, पुढचं पान आहे. ते हसले. “बाई, थोडक्यात गोडी. बघताय ना, किती आवडलं सगळ्यांना? फराळ निवतोय.” किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात होती. ती ओढून घ्यायला माझ्या हाताला इतकी कंड सुटली होती की मी तो पदरात गुंडाळून धरला. पाहुणे जाताना बुवांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “फार करुण शेवट आहे हो.” बुवांनी त्यांना नमस्कार केला.

बाहेर मांडवाच्या खांबापाशी मी बुवांना म्हटलं, गोष्ट तर मला ठाऊक आहे, पुढे काय होतं ते सगळं सांगते. ते म्हणाले, “गोष्ट समद्यांस्नी ठावं हाय, बाई. तिला वव्या पायजे हुत्या.” ओव्या मला येत नव्हत्या. कार्डावर मी पानांची मोजदाद लिहिली होती, कागदाचा रंग, शाई, कुठे वाळवी लागली ते लिहिलं होतं. ओवी एकही लिहिली नव्हती. कार्डात तेवढी जागा नसते. बुवा फराळाला थांबले नाहीत. पारनेरच्या मोटारीची वेळ झाली म्हणाले.

नकलेचा ठराव त्यानंतरच्या बैठकीतही निघाला नाही. मी भांडले, चिडले, रडलेसुद्धा, आणि ते सगळं भिंतीवर डोकं आपटण्यासारखं झालं. नोकरी सोडली नाही. भिंगारच्या घरात खाणारी तोंडं होती.

वर्षाच्या दिवशी मी बुवांच्या गावी गेले. चर्चपुढच्या पटांगणात गाव जमलं होतं, ख्रिस्ती आणि इतरही, कारण बुवांची बायको सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारी होती. पाळकांची प्रार्थना झाली. मग सगळे बुवांकडे बघायला लागले. लोक कीर्तन ऐकायला आले होते. तिचं शेवटचं मागणं गावात सगळ्यांना माहीत होतं.

बुवा उठले. वीणा घेतली नाही, चिपळ्याही नाहीत. नुसते उभे राहून म्हणाले, “पान्याचं आख्यान हाय. माज्या बानं ल्हिलेलं हाय. पर ते आता नगरला असतंय, काचंच्या कपाटात. लई झ्याक ठिवलंय. बाईंनी सोता नंबर घातलाय. तितं त्याला वाळवी लागत न्हाई, पावसाचं पानी लागत न्हाई, आन मानसाचा हातबी लागत न्हाई.”

 

“तवा आता जेवून घ्या समदी,” ते म्हणाले, आणि स्वतःच पत्रावळी मांडायला लागले.