पिम सरांची शेवाळाची खोली

वॉर्डेल विद्यापीठात एलिफलेट पिम वनस्पतिशास्त्र शिकवत, पण त्यांची गाडी दुसऱ्या तासालाच शेवाळावर येऊन अडायची. लांब मान, घशात घोळवलेला आवाज आणि प्रत्येक वाक्याला एक शेपूट: "असं आपलं माझं मत." आज मंगळवार आहे, हेसुद्धा त्यांचं मतच! वसतिगृहात कुणी बटाटे मागितले की दुसरा मान ताणून म्हणायचा, "बटाटे संपले, असं आपलं माझं मत," आणि अख्खं टेबल फिदीफिदी हसायचं.

सरांना बायको नाही, पोर नाही, घर भाड्याचं. आयुष्यभराची कमाई म्हणजे व्यायामशाळेला लागून असलेली एक ओलसर खोली. आत तबकंच तबकं आणि तबकांत शेवाळ. पण फुटबॉलवाल्यांना बूट ठेवायला जागा हवी होती, आणि त्यांचा डोळा नेमका तिच्यावर.

कुलगुरू थॉर्नबरींनी पोट कुरवाळत तोडगा काढला. "हं. बघू. बाहेरचा व्याख्याता आणा, पिम. लोकांना शेवाळात रस आहे असं शुक्रवारी दिसलं, तर खोली तुमची. नाहीतर शनिवारी... बघू."

सरांनी बॉस्टनहून लॅथ्रप नावाचा तरुण संशोधक बोलावला. ठेंगणा, लालभडक केसांचा. त्याला आणायला शुक्रवारी सर स्वतः स्टेशनवर गेले.

नेमकी त्याच संध्याकाळी पहिल्या वर्षाची मेजवानी होती. मेजवानीआधी पहिल्या वर्षाचा म्होरक्या पळवायचा हा दुसऱ्या वर्षाचा पिढीजात हक्क. यंदाचा म्होरक्याही ठेंगणा, लाल केसांचा, आणि तो बाहेरगावाहून याच गाडीने येणार अशी कुणकुण लागलेली. लॅथ्रप खाली उतरतो न उतरतो तोच तोंडाला फडकी बांधलेली पोरं त्याच्यावर तुटून पडली.

"अहो, मी व्याख्याता आहे!"

"ऐका! गेल्या वर्षीचा म्होरक्या स्वतःला पाद्री म्हणवत होता, हा व्याख्याता म्हणवतो!" त्यांचा पुढारी हॅवरकँप ओरडला. "बांधा रे ह्या विद्वानाला!"

पिम सर मध्ये घुसले. "सोडा त्यांना! ते माझे पाहुणे आहेत! असं... असं आपलं माझं मत."

सवयीची जीभ. तोंडातून निसटलं आणि सरांनी डोळे मिटले.

"मत तुमचं राहू द्या सर, माणूस आमचा! तुम्हालाही पटवलं होय? बेरकी आहे लेकाचा!"

लॅथ्रपला कोंबून पोरांची घोडागाडी शेतांकडे उधळली. सर मागे धावले, टोपी पडली, दम संपला.

सभागृह गच्च भरलं होतं. कुलगुरूंसमोर कुणी पोरं पळवत नाही, म्हणून पहिलं वर्ष मेजवानीपर्यंत तिथेच दडून बसलं होतं. पहिल्या रांगेत खरा म्होरक्या मजेत शेंगदाणे सोलत होता. एवढी गर्दी पाहून कुलगुरू चक्क हसले. "वा, पिम! पाहुणे कुठे आहेत?"

"त्यांना... नेलं."

मग सरच बोलायला उभे राहिले. "शेवाळाला मुळं नसतात," ते म्हणाले, आणि अख्खं सभागृह एका सुरात गरजलं, "असं आपलं माझं मत!" लाकडी जमिनीवर बूट दणदणू लागले. सरांचे ओठ हलत होते, शब्द कुठे जात होते कोण जाणे. तेवढ्यात मेजवानीची घंटा झाली आणि सभागृह भसकन रिकामं झालं.

"हं," कुलगुरू उठत म्हणाले. "बघितलं."

शनिवारी सकाळी तबकं बाहेर गवतावर, उन्हात आली. सर त्यांवर ओलं फडकं टाकत फिरत होते, पण फडकं एक आणि तबकं पुष्कळ. तेवढ्यात केसांत गवत अडकलेला लॅथ्रप आला. मागून त्याला काल पळवून नेणारी पोरं. हॅवरकँपच्या हातात, रात्री त्याला कोंडलं होतं त्या गोठ्याच्या छपराची फळी, तिच्यावर शेवाळ.

"सर, हे वाळून खडखडीत झालं होतं! यांनी पाणी शिंपडलं आणि डोळ्यांदेखत हिरवं! चूक कळल्यावर आम्ही सोडत होतो हो यांना, हेच बोलायचे थांबेनात!"

"हुशार पोरं आहेत तुमची," लॅथ्रप म्हणाला.

"सर, तुमची खोली दाखवा ना! कुठंय?"

आत कुणीतरी बुटांचं पोतं धप्पकन ओतलं. सरांनी दाराकडे पाहिलं.

"ती गेली," ते म्हणाले.

पोरं सवयीने पुढच्या शेपटाची वाट पाहत उभी राहिली. ते आलंच नाही.