गार गाडीची खोट

वहिनी नव्या नवरी होत्या तेव्हाची गोष्ट. वर भांडी विसळता विसळता त्यांनी खालच्या गॅरेजात नवरा नि दीर, दोघा भावांचं वाजलेलं ऐकलं. गारठ्यानं गिऱ्हाइकाची जुनी गाडी सुरू होईना, तर धाकट्यानं पेडल दाबदाबून तिच्या नाकातोंडात पेट्रोल भरून ठेवलं होतं; त्याचा वास वरपर्यंत आला होता.

“गाडी आहे ती, पायपेटी नाही,” थोरला म्हणत होता. “गार इंजिनाला चोक द्यायचा, पाय उचलायचा आणि किल्ली फिरवायची. तू घाबरलास की तुझा पाय नाचतो.”

“मग नाचणारा भाऊ कशाला ठेवलास गॅरेजात?”

“आईनं गळ्यात बांधलाय म्हणून.”

वहिनींना हसू आवरेना. धाकटा फुगून बसला, पण त्यानंतर त्याचा पाय कधी नाचला नाही. एकदाच काय तो नाचला.

थंडीतली पहाट होती. थोरल्याच्या छातीत कळ आली. वहिनी नि धाकट्यानं त्याला उचलून घरच्या जुन्या गाडीत घातलं. वहिनी मागे बसल्या, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. धाकट्यानं किल्ली फिरवली. गाडी कण्हली नि थांबली. पुन्हा फिरवली. मग पुढं पेडल थाडथाड आपटायला लागलं आणि पेट्रोलचा उग्र वास गाडीभर झाला. मेकॅनिकच्या बायकोला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शेजाऱ्याची गाडी दाराशी येईस्तोवर मांडीवरचं डोकं जड झालं होतं.

भेटायला आलेल्या माणसांसमोर वहिनींनीच आवाज चढवला, “त्या भंगारानं घात केला माझा.” दिराच्या डोक्यावरचं ओझं गाडीच्या टपावर ठेवावं, एवढीच त्यांची इच्छा. पण झालं भलतंच. दीर गाडीची खोट शोधायला बसला तो बसलाच.

गार गाडीची खोट ती गार असतानाच सापडते. एकदा तापली की अगदी साळसूद होते. म्हणून तो रोज पहाटे, कुणाचा हात लागायच्या आत, गाडीत जाऊन बसायचा. त्यानं बॅटरी बदलली, प्लग बदलले, कार्बुरेटर तर तान्ह्या बाळासारखा न्हाऊमाखू घातला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू. सगळं जग गाडी चालू व्हावी म्हणून हात जोडतं, हा एकटा ती अडावी म्हणून झुरायचा. लग्न राहिलं, केस पिकले. “खोट सापडली की विकू, वहिनी,” हे त्याचं पालुपद.

वर खिडकीत उभ्या वहिनी रोज इंजिनाचा आवाज ऐकायच्या. खरं सांगावं तर हा खचणार, न सांगावं तर असाच झिजून जाणार.

शेवटी एका संध्याकाळी, तो अंघोळीला गेलेला पाहून, त्या परातीतली कणीक तशीच टाकून खाली उतरल्या. बॉनेट उचललं आणि कॉइलची जाड वायर ओढून सैल करून ठेवली. सापडू दे एकदाची याला खोट.

पहाटे गाडी अडली. वहिनी जिन्यात कान देऊन उभ्या राहिल्या. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मग दीर जिना चढून वर आला.

“वायरला पीठ लागलंय, वहिनी.”

वहिनींनी हात पदराआड घेतले.

“खोट तुम्हाला घालावी लागली, म्हणजे त्या दिवशी तुम्हालाही वास आला होता.”

वहिनी ओट्याकडे वळल्या.

“मला वाटायचं, पाय नाचला ते मलाच एकट्याला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “म्हणून तर शोधत होतो. एखादी तरी खोट निघेल तिच्यात.”

“चहा टाकते, भावोजी.”

“टाका. तुमच्या गोळ्या संपल्यात ना? दुकान उघडलं की आणतो.”

त्याच दुपारी तो जरा पडतो म्हणून आडवा झाला, तो पुन्हा उठलाच नाही. पण त्याआधी, सकाळी, त्यानं वायर घट्ट बसवली, चोक ओढला, पाय उचलून धरला आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तो गोळ्या घेऊन आला, पाकीट ओट्यावर ठेवलं.

“रिकाम्या पोटी घेऊ नका,” असं रोजच्यासारखं म्हणाला आणि किल्ली तिच्या खिळ्याला अडकवली.