तिचं उरलेलं एक झाकण

आमच्या पनवेलात माझ्या चिनीमातीच्या किटल्यांची कीर्ती मोठी. चहाची धार पळस्पे फाट्यावरून दिसते आणि शेवटचा थेंब तोटीवरून न ओघळता शिस्तीत मागे फिरतो, असं मी गिऱ्हाइकांना बेधडक सांगायचो. शेजारी बसलेली बायको मान वर न करता म्हणायची, "मागं कुटला फिरतो? मी फडक्यानं पुसते, ता कुनाला दिसत नाय."

किटलीचं अंग चाकावर मी काढायचो, तोटी न् कान मी जोडायचो. झाकणं तिची. ती जासईची, मिठागरवाल्यांच्या घरातली. मोजपट्टीला तिनं उभ्या जन्मात हात लावला नाही. ओल्या किटलीच्या तोंडावरून एकदा बोट फिरवायचं आणि झाकण काढायचं. किटली उलटी धरून गोव्यापर्यंत चालत जा, झाकण पडायचं नाही. (मी गेलेलो नाही. पण पडलं नसतं.)

गेल्या वर्षी ती सहा दिवसांच्या तापात गेली. नंतर फळीवर तिचं एक झाकण सापडलं. एकदा भाजलेलं, अजून ग्लेझचा काचेरी थर न लावलेलं, बोंडाजवळ तिच्या अंगठ्याचा ठसा. त्याची किटली वाळतानाच तडकली होती. मी ठरवलं, या झाकणाला किटली करायचीच.

आता आमच्या कामात अंगाला झाकण करतात, झाकणाला अंग कुणी करत नाही. माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते. भाजून झालेल्या झाकणासाठी ओलं अंग किती मोठं काढायचं, याचा काही हिशेबच लागेना. मी चाळीस किटल्या केल्या.

"नऊ, पप्पा," मुलगी म्हणाली.

बरं, नऊ. नववीवर झाकण असं बसलं, की त्या दुपारी गाढी नदीला माझ्या डोळ्यांमुळे पूर आला म्हणा.

ग्लेझ लावलं, झाकण चढवलं, भट्टी पेटवली. भट्टी निवल्यावर किटली बाहेर काढली. देखणी! झाकणाचं बोंड धरून उचललं, तर अख्खी किटलीच वर आली.

झाकण जिथं टेकतं तिथलं ग्लेझ भाजण्याआधी ओल्या स्पंजानं पुसून काढायचं असतं. नाहीतर ते वितळून दोन्ही एकजीव होतात. हे पुसणं तिचं काम. तीस वर्षं मी ग्लेझ लावून किटली तिच्याकडे सरकवायचो. या वेळीही सरकवली होती, तिच्या रिकाम्या पाटाकडे. जरा वेळानं तिथूनच उचलून भट्टीत ठेवली.

उपाय एकच असतो. लाकडी दांड्यानं कडेकडेनं ठोकायचं. सुटलं तर सुटलं.

"पप्पा, राहू दे ना तशीच. शोकेसमध्ये ठेवू."

"चहा न ओतणारी किटली? तुझी आई जेवायला घालणार नाही मला."

मी ठोकलं. चौथ्या ठोक्याला झाकणाचे दोन तुकडे झाले. एक हातात आला, दुसरा आत पडला. किटलीला ओरखडाही नाही.

खपल्या घासून काढल्या, किटली धुतली, चहा केला. वर स्टीलची ताटली ठेवली. ती सारखी घसरत होती, म्हणून बोटानं दाबून धरून ओतला.

"पप्पा, हिला नवीन झाकण करा की," मुलगी म्हणाली.

"मला येत नाही गं," मी म्हटलं.